फाटकापर्यंत आले होते

(दहावीच्या आमच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मध्ये माईक बंद पडला तेवढा भाग गाळला आहे.)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं करिअर' असा विषय छापलेला आहे. मी त्यावर बोलणार नाही. आयोजकांना काल रात्री फोन करून तसं सांगितलं, तेव्हा पलीकडून दोन मिनिटं काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "बोल तुला काय बोलायचंय ते, पण वीस मिनिटांत आवर. जेवणं थंड होतात." तर वीस मिनिटं आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय ते जेवताना विचारा, पंगतीत सांगेन.

मला एक कबुली द्यायची आहे. जानेवारी २०१७ मध्ये आपल्या तुकडीचा विसाव्या वर्षाचा मेळावा झाला. त्याला मी आले नाही. 'मुलीला ताप आहे' असं मी ग्रुपवर टाकलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी 'काळजी घे' म्हणून लिहिलं, एकीनं तर दोन दिवसांनी फोन करून ताप उतरला का विचारलं. मुलीला ताप नव्हता. ती पुण्यात बाबांबरोबर सायकल चालवत होती. मी इथे आले होते. पुण्याहून एकटी गाडी चालवत, एकशेवीस किलोमीटर, शिक्रापूर, शिरूर, सुपा करत शाळेच्या फाटकापर्यंत आले होते. आतून माईकवर बाईंचा आवाज ऐकू येत होता. हजेरी घेत होत्या. माझं नाव आलं, कोणीतरी 'नाही आली' म्हणालं, आणि मी गाडीत बसून ते ऐकत होते.

माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. छाती इतकी धडधडत होती की गळ्यातली चेन हलताना दिसत होती. बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, आणि डोक्यात एकच विचार, आत्ता इथेच आपण मरणार आणि सगळ्या वर्गासमोर मरणार. वीसेक मिनिटांनी गाडी वळवली आणि निघून गेले. बाई, ती हजेरी आज लावून घ्या.

आता हे कसं सुरू झालं ते सांगते. तुमच्यापैकी बहुतेकांना मी आठवते ती गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी, कडक इस्त्रीची, कोणाला वही न देणारी अशी. खरं सांगायचं तर ती मुलगीसुद्धा घाबरलेलीच होती. परीक्षेच्या आदल्या रात्री कंपासपेटी चार वेळा उघडून बघायची. पण मार्क चांगले पडले की कोणी त्याला आजार म्हणत नाही, हुशारी म्हणतात. २००२ साली इंजिनिअर झाले तेव्हा संगणक क्षेत्रात मंदी होती. आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांना नोकरी नव्हती. मला मिळाली. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं की आपण जास्त काळजी करतो म्हणून आपलं सगळं ठीक चालतं. काळजी हाच माझा हप्ता होता, आणि तो मी न चुकता भरत होते.

नंतर मी बँकांच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये आले. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, ते यंत्र तुमच्या बँकेला विचारतं, बँक हो किंवा नाही म्हणते, आणि मग नोटा बाहेर येतात. या विचारण्या-सांगण्याच्या मधलं जे काम असतं ते आमची टीम करायची. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. आठ वाजता घोषणा झाली. तुम्ही पाकिटात किती पाचशेच्या आहेत ते मोजत होतात, मी लॅपटॉप उघडला तो जवळपास दोन महिने मिटलाच नाही. देशभरात तेव्हा दोन लाखांवर एटीएम होती. नवी दोन हजारांची नोट जुन्या नोटांपेक्षा आकारानं वेगळी, त्यामुळे प्रत्येक यंत्रातले नोटांचे कप्पे माणूस पाठवून जुळवून घ्यावे लागले. दर दिवसाला नवा नियम, पैसे काढायच्या मर्यादा बदलायच्या, आणि लोक रांगेत उभे. रांगेत म्हातारी माणसं उभी असल्याचे फोटो टीव्हीवर दिसायचे आणि मला वाटायचं, हे माझ्यामुळे. तसं नव्हतं, हे आज कळतं. मी त्या प्रचंड यंत्रातली एक लहानशी चकती होते. पण चिंतेचा एक विचित्र गर्व असतो. सगळं जग आपल्या खांद्यावर उभं आहे असं ती आपल्याला पटवून देते.

फोन उशाशी असायचा. तो थरथरला की उठायचं. पुढे पुढे तो थरथरला नाही तरी उठायचे, थरथरला असा भास व्हायचा. डिसेंबरमध्ये एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ आली आणि डावा हात बधिर झाला. सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी टू-डी इको केला. हृदय उत्तम. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही की याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात. शरीरातली धोक्याची घंटा धोका नसताना वाजते, अ‍ॅड्रेनलिन धावतं, आणि बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत ते शिगेला पोचून उतरायला लागतं. एवढं माहीत असतं तरी निम्मी भीती गेली असती. मात्र छातीत दुखलं तर आधी हृदयच तपासून घ्या बरं का. आपली वयं आता ती आहेत.

तर फाटकापासून गाडी वळवली ती पुण्याकडे नाही गेली. मी आजीकडे गेले. आई-बाबा माझ्याबरोबर पुण्याला आले होते, पण आजीनं नगर सोडलं नव्हतं. मागच्या खोल्यांत काका-काकू, पुढच्या खोलीत आजी आणि तिचा रेडिओ. तेव्हा ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. तुमच्यापैकी काही जणांना ती आठवेल, नाताळात तिच्या हातच्या करंज्या आणि चकल्या खायला अर्धा वर्ग यायचा. पाचवीत कोणीतरी मला विचारलं होतं, "तुमचा देव इंग्रज आहे का गं?" मी रडत घरी गेले, तेव्हा आजी म्हणाली होती, "त्याला म्हणावं ये आणि आमची गाणी ऐक." आणि तो आला होता. आज तो समोर दुसऱ्या रांगेत बसला आहे, नाव घेत नाही.

आमची गाणी म्हणजे रेव्हरंड टिळकांची. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती होऊनही अभंग, ओवी सोडली नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हे घर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांना ते 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकामुळे घरातल्यासारखं वाटतं. आजीला त्यातली कितीतरी पदं पाठ होती. शेजारच्या वाड्यातल्या आजी संध्याकाळी पायरीवर येऊन बसायच्या, त्यांच्या हातात जपमाळ असायची आणि आमच्या घरातून टिळक ऐकू यायचे. दोघींना त्यात काही अडचण वाटत नव्हती.

मी मात्र तोवर नावालाच ख्रिस्ती होते. नाताळ, ईस्टर, कोणाचं लग्न, एवढंच. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर मला वाटू लागलं होतं की श्रद्धा ही ज्यांना सांख्यिकी येत नाही त्यांची सोय आहे.

दारात मला बघून आजीनं मेळाव्याचं विचारलं नाही. चेहरा बघितला आणि मनगट धरून नाडी बघितली. चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती, ती सवय गेली नव्हती. म्हणाली, "सकाळपासून काय खाल्लंस?" चहा, म्हटलं. "आणि झोप?" मी काही बोलले नाही. तिनं काकूला हाक मारली. बाजरीची भाकर, पिठलं, कांदा. मी नको म्हणत होते आणि खातही होते. मग तिच्याच खाटेवर झोपवलं, वाकळ अंगावर टाकली आणि माझा फोन उचलून पिठाच्या डब्यात ठेवला. खरंच, पिठाच्या डब्यात. मी चार तास झोपले. उठले तर दिवेलागण झालेली आणि ती परत विचारते, "भाकर खातेस का अर्धी?"

जेवण झाल्यावर तिनं मला एलीयाची गोष्ट सांगितली. जुन्या करारात राजांचं पहिलं पुस्तक आहे, त्यातली. एलीया हा मोठा संदेष्टा. मोठा पराक्रम करून बसलेला, आणि दुसऱ्याच दिवशी राणीची धमकी येते तशी त्याची हिंमत सुटते. रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. आणि तिथेच झोपतो. मला वाटलं आता देव त्याला झापणार, किंवा धीराचं प्रवचन देणार. आजी म्हणाली, "नाही बाळा. देवदूत आला आणि त्यानं एलीयाला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा. त्यानं खाल्लं आणि परत झोपला. देवदूत परत आला, परत भाकर दिली, आणि म्हणाला, वाट लांब आहे, तुला झेपायची नाही. देव त्याच्याशी बोलला तो त्याच्याही पुढे, चाळीस दिवस चालून डोंगरावर गेल्यावर. आधी भाकर आणि झोप. देवाला नर्सिंग कळतं."

हे शेवटचं वाक्य बायबलात नाही, माझ्या आजीचं आहे. पण ते मला इतकं लागलं की मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मोठमोठ्यानं, काकू धावत येईल अशी. तिनं रडू दिलं. सकाळी निघताना म्हणाली, "पुण्यात मनाच्या डॉक्टरकडे जा. जायचंच. लूकनं शुभवर्तमान लिहिलं तो वैद्य होता. देवाला डॉक्टर चालतात."

मी गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली, ती लागू पडायला तीन-चार आठवडे लागतील हे आधीच सांगितलं. एका समुपदेशकाकडे दर शनिवारी जायचे. त्यांनी वही करायला लावली. मनात आलेला विचार लिहायचा, त्याला पुरावा काय तो लिहायचा, पुराव्याविरुद्धचं काय तेही लिहायचं. हे मला आवडलं. हे तर आमच्याच कामासारखं होतं, चूक कुठे आहे ते शोधत जायचं. मार्चपर्यंत मी बरीच सावरले. रविवारी पुण्यातल्या मंडळीत उपासनेलाही जाऊ लागले.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जी साक्ष देताना सहसा कोणी सांगत नाही. आमच्याकडे याला साक्ष म्हणतात, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. तिथल्या एका प्रार्थनासभेत मी गोळीचं बोलून गेले. सभा संपल्यावर एक वडीलधाऱ्या बाई जवळ आल्या, माझे हात हातात घेतले आणि अत्यंत प्रेमानं म्हणाल्या, "बेटा, तुझा विश्वास कमी पडतोय. गोळ्या फेकून दे आणि प्रभूवर टाक." मी फेकल्या. डॉक्टरांना न विचारता, एका दिवसात. आठवड्याभरात चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं, आणि मग ऑफिसच्या लिफ्टमध्ये पूर्वीपेक्षाही मोठा झटका. ही औषधं अशी अचानक बंद करायची नसतात, हळूहळू कमी करायची असतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डॉक्टर रागावले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पण मी रागावले. त्या बाईंवर, मंडळीवर आणि देवावर. सहा-सात महिने चर्चची पायरी चढले नाही. तुझा विश्वास कमी पडतो, हे वाक्य आजारी माणसाला म्हणू नका. ते कोणत्याही देवाच्या नावानं म्हणू नका. त्यानं माणूस आधी होता त्यापेक्षा एकटा पडतो.

परत कशी आले, तर स्तोत्रसंहितेमुळे. आजी दर रविवारी फोनवर एक स्तोत्र वाचून दाखवायची. मी चर्चला जात नाही हे तिला ठाऊक होतं, त्यावर एक अक्षर बोलली नाही, फक्त वाचायची. माझी समजूत अशी की स्तोत्रं म्हणजे देवाची स्तुती, हिरवी कुरणं, शांत पाणी. तीही आहेत. पण दीडशे स्तोत्रांत कितीतरी निव्वळ तक्रारी आहेत. तेरावं स्तोत्र जेमतेम सहा वचनांचं, आणि त्यात सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारलंय की आणखी किती दिवस. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधाराशीच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यसुद्धा नाही. मी आजीला विचारलं, हे पवित्र शास्त्रात कसं ठेवलं? ती म्हणाली, "ज्या दिवशी माणसाला एवढंच म्हणता येतं, त्या दिवशीसाठी."

मग मी स्वतःच वाचायला लागले. इंजिनिअर असल्यामुळे मी ते जरा शंका घेत वाचलं. पौलानं फिलिप्पै इथल्या लोकांना लिहिलं की कशाचीही चिंता करू नका. हे वचन आमच्या लोकांच्या घरात भिंतीवर असतं, सोनेरी अक्षरांत. माझ्या बाबांच्या खोलीत होतं आणि मला त्याचा मनापासून राग यायचा. पण ते पत्र त्यानं बेड्यांत असताना लिहिलंय, हे मला त्या भिंतीनं कधी सांगितलं नव्हतं. आणि तोच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मोकळेपणानं कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज त्याच्यावर दाब टाकते. म्हणजे चिंता करू नका म्हणणाऱ्यालाही ती होतीच. आणि गेथशेमाने बागेतला येशू? अटकेच्या रात्री तो घामानं निथळत प्रार्थना करतो, हे टळत असेल तर टळू दे म्हणतो, आणि मित्रांना विनवतो की जरा माझ्याबरोबर जागे रहा. मित्र झोपतात. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. भीती वाटणं हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर ही रात्र या पुस्तकात नसती.

माझी प्रार्थनाही त्याच सुमारास बदलली. त्याआधी मी प्रार्थना करत नव्हते असं नाही. रात्री दोन वाजता मी म्हणायचे, "देवा, सर्व्हर पडू देऊ नको, देवा, मुलीला काही होऊ देऊ नको." दोनशे वेळा. सॉफ्टवेअरमध्ये एक चूक असते, उत्तर आलं नाही की प्रोग्रॅम लगेच परत विचारतो, परत, परत, आणि त्या विचारण्याच्या भारानंच सगळी यंत्रणा झोपते. माझी प्रार्थना तशी होती. ती चिंताच होती, फक्त तिच्या पुढे 'देवा' लावलेलं.

मला उपाय सापडला तो आमच्याच धंद्यात. आमच्याकडे रात्रपाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला चिठ्ठी लिहून देतो. काय चालू आहे, काय अडलंय, कशावर लक्ष ठेवायचं. ती दिली की ते काम त्याचं. खरंच त्याचं. तुम्ही घरी जाऊन झोपायचं असतं. मी मात्र पाळी देऊनही घरून फोन बघत बसायचे, आणि त्यामुळे समोरच्या मुलालाही आपल्यावर हिचा भरवसा नाही हे कळायचं. एके रात्री मला जाणवलं की देवाशीही मी असंच वागतेय. तेव्हापासून रात्री दहाला एका वहीत चार-पाच ओळी लिहिते. आज काय झालं, काय उरलं, कशाची भीती वाटतेय. पौलानं सांगितल्याप्रमाणे त्यात एक तरी ओळ आभाराची. खाली लिहिते, 'आता पाळी तुझी.' आणि वही मिटते. सुरुवातीला मिटून पाच मिनिटांत उघडायचे. पहिलं वर्ष तर निम्म्या रात्री उघडली. अजूनही कधीतरी उघडते.

असं करून एका दिवशी सगळं थांबलं असं नाही झालं. त्यामुळे ज्यांना चमत्काराची साक्ष ऐकायची असेल त्यांची निराशा होईल. गोळी दोन वर्षं चालली, डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. मध्ये एकदा परत सुरू करावी लागली, केली. शांती या शब्दाचा अर्थ मला आधी वाटायचा तसा निघाला नाही. मला वाटायचं शांती म्हणजे फोन थरथरला तरी आपली छाती थरथरणार नाही. माझी अजून थरथरते. पण आता तिच्या तळाशी कोणीतरी बसलंय असं वाटतं, आणि ते उठून जात नाही.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आजी गेली. करोनानं नाही, झोपेतच गेली, ब्याण्णव पूर्ण. काकाचा पहाटे फोन आला. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी. पास मिळाला तो माझ्या एकटीचाच. तोच रस्ता, शिक्रापूर, शिरूर. सगळी हॉटेलं बंद, रस्ता रिकामा, मधूनमधून फक्त रुग्णवाहिका. सुप्याच्या अलीकडे ते आलं. बोटांना मुंग्या, चेन हलायला लागली. मी गाडी कडेला घेतली. घड्याळ बघितलं. श्वास हळूहळू बाहेर सोडत राहिले, समुपदेशकांनी शिकवल्याप्रमाणे. आणि मग मी गायला लागले, टिळकांचं एक पद, आजीचं आवडतं. मला सूर नाही हे आपल्या संगीताच्या सरांना माहीत आहे, सातवीत त्यांनी मला समूहगानात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. मी नगर रस्त्यावर बंद काचांच्या आत मोठ्यानं, बेसूर, रडत गायले. देवाकडे काही मागितलं नाही. ते टळो असंही म्हटलं नाही. नुसतं गायले. चौदा मिनिटं लागली. मग पाणी प्यायले, मुलीनं बांधून दिलेली पोळी खाल्ली, आधी भाकर हे लक्षात होतं, आणि निघाले.

दफनभूमीत आम्ही वीसही नव्हतो. पाळकसाहेब मास्क लावून बोलत होते, निम्मं ऐकू येत नव्हतं. गायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे आवाज मास्कच्या आत दबले. भिंतीबाहेर कोणीतरी उभं होतं. शेजारच्या वाड्यातल्या त्या आजींची सून, वीसमध्ये नको म्हणून आत न येता बाहेर उभी राहिलेली. तिला ते पद पाठ होतं. लहानपणापासून पायरीवर ऐकून. ती बाहेरून म्हणत होती.

मी इथे कोणाला माझ्या धर्माकडे बोलवायला आलेले नाही, हे तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता म्हणून वेगळं सांगायची गरज नाही. मला जिथे आधार मिळाला तिथलं मी सांगितलं. तुमचा कुठे असेल तिथे असेल. आणि कोणाला कुठेच मिळत नसेल, रात्र काढणं अवघड जात असेल, तर सरकारचा टेली मानस म्हणून फोन क्रमांक आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत. तो लिहून घ्या. स्वतःसाठी नाही तर घरातल्या कोणासाठी तरी. आपल्या या सभागृहात आज शंभरावर माणसं आहेत, आणि गाडीत बसून राहिलेली मी एकटीच असेन असं मला वाटत नाही.

आता शेवटचं, कारण आयोजक घड्याळ दाखवताहेत. आज सकाळी मी साडेनऊला आले. कार्यक्रम दहाचा होता आणि मी आत आले सव्वादहाला, ते काही जणांनी बघितलं. फाटकाबाहेर तेच कडुनिंबाचं झाड आहे, त्याखालीच गाडी लावली, आणि ते आलं. मी घड्याळ लावलं. नववं मिनिट चालू असताना काचेवर टकटक झाली. दहावीत माझ्या बाकावर बसायची ती, जिला मी कधी वही दिली नाही ती. दोन कप चहा घेऊन उभी. तिला काही माहीत नव्हतं, तिनं नुसती गाडी ओळखली होती. मी दार उघडलं आणि म्हटलं, "दोन मिनिटं थांब, मला भीती वाटतेय." तिनं विचारलं नाही कशाची. पलीकडून येऊन शेजारच्या सीटवर बसली, माझ्या हातात कप दिला आणि म्हणाली, "बिस्किट आहे, आधी खा."